कार्डं मी निवडली

८ जून १९९८, सोमवार
क. सरांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. नवी मशिनं मिळणार नाहीत, वरून साफ नाही म्हणालेत. तेव्हा आहेत तीच एकमेकांना जोडायची. म्हणजे प्लॉटर सगळ्यांना आपापल्या टेबलावरून वापरता येईल, ड्रॉइंग काढायला फ्लॉपी घेऊन रांगेत उभं राहायला नको. त्यासाठी प्रत्येक मशिनमध्ये नेटवर्कचं कार्ड बसवावं लागतं. ते कुठलं घ्यायचं हे मी ठरवायचं. स्वस्त हवं, आणि आमच्या म्हाताऱ्या मशिनांना चालणारं हवं.
म्हटलं, सर, मी ड्राफ्टिंगवाली, मला यातलं काय कळतं. तर म्हणाले, "बोर्ड सोडून कॉम्प्युटरवर पहिल्यांदा कोण बसलं होतं, माधुरी? बाकीचे टी-स्क्वेअरला मिठी मारून बसले होते."
खरं आहे. पण बसवलं त्यांनीच होतं. डिप्लोमा करून लागले तेव्हा पेन्सिल फिरवत रेघ कशी ओढायची इथपासून त्यांनीच शिकवलं. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ऑफिस सुटलं की सर येऊन बसायचे, मला घरी जाऊन अंघोळ करून ये म्हणायचे. सख्ख्या भावाला तेवढं जमलं नाही.
दिवसभर बरं वाटत होतं. घरी हे म्हणाले, "काम वाढलं म्हणून एवढी खूश होणारी तूच." डेअरीतून पहाटेची शिफ्ट करून आलेला माणूस. दुसरं काय बोलणार.

१३ जून, शनि.
शनिवार पेठेत काळ्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. जिना चढून वर दोन खोल्या, त्यात मशिनांची उघडी पोटं. मी काय हवंय ते सांगितलं. काळे मान वर न करता म्हणाले, "बाई, कार्ड मशिनच्या वयाचं दाखवू की साहेबांच्या ऐपतीचं?"
म्हटलं, दोन्ही जमेल असं असेल तर दाखवा, नसेल तर दुसरं दुकान सांगा. मग जरा माणसात आले. खुर्ची दिली.
परदेशी, नाववालं कार्ड उत्तम, पण ते सगळ्या मशिनांना घेणं आम्हाला झेपणार नाही. नवीन येतात त्यांना छोटी पांढरी खाच लागते, आमच्यात ती नाहीच. उरलं तैवानचं साधं. लांब काळ्या खाचेत बसतं, मागे दोन तोंडं: एक गोल, एक फोनच्या वायरीसारखं. गोल तोंड वापरलं तर एका मशिनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वायर फिरवायची. मधे सगळ्या वायरी जोडणारा वेगळा डबा लागत नाही, म्हणून स्वस्त. वाईट एवढंच की कुठे एक जोड निघाला की सगळ्यांचं बंद.
एका बँकेतून काढलेली जुनीही होती. हात लावला तर सोनेरी कडा काळवंडलेल्या. नको म्हटलं.
तैवानचं एक घेतलं, चालवून बघायला. चाललं नाही तर परत घेईन म्हणाले. लिहून द्या म्हटलं तर, "मी सांगितलं ते पुरे नाही का?"

१८ जून, गुरु.
कार्ड लावलं की माऊस मरतो. माऊस चालला की कार्ड दिसत नाही. तीन दिवस हेच. डोंगरे म्हणतो, ताई, याची अन् त्याची पत्रिका जुळत नाही, सोडून द्या. (डोंगरे अकोल्याकडचा, माझ्या मागच्या टेबलावर बसतो. पोरगी झालीय नुकतीच, डोळे कायम तारवटलेले.)
सर येता-जाता फक्त बघतात. विचारत नाहीत. ते विचारत नाहीत याचंच जास्त दडपण.

२० जून, शनि.
जमलं. दोघांनाही मशिनकडे जायची एकच वाट हवी होती. कार्डावर बारीक पिना असतात, त्यातलं टोपण एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर बसवलं, कार्डाची वाट वेगळी झाली. माऊस हलला, कार्डही दिसलं. मी खुर्चीवरून उठलेच एकदम.
सरांना सांगितलं. उठून आले, वाकून बघितलं, म्हणाले, असंच सगळ्यांत लावायचं, आणि कसं केलंस ते मला नीट समजावून सांग, कधी तू नसलीस तर मला यायला हवं. उभं राहून सगळं ऐकलं. दोनदा विचारलं. एवढा मोठा माणूस, शिकायची लाज नाही.

६ जुलै, सोम.
कार्डं आली, बसवून झाली. वायर भिंतीच्या कडेने. फक्त शेखभाईंचं मशीन राहिलं. ते हातच लावू देत नाहीत.
शे. भाई आमच्यात सगळ्यांत जुने. नाना पेठेतले. वडील छापखान्यात ब्लॉक कोरायचे, तोच हात यांच्यात उतरलाय. आम्ही बाटल्या भरायची यंत्रं करतो, पण बाटली भरून झाल्यावर थेंब न सांडणारी जी नळी आहे ती आमच्यासारखी कुणाची नाही, आणि ती शे. भाईंची. वर्षानुवर्षं वर्कशॉपमध्ये जाऊन, कामगारांशी भांडून, एकेक बदल करत आणलेली. तिची ड्रॉइंगं फक्त त्यांच्या मशिनवर. फ्लॉप्या कुलपात.
मला म्हणाले, "ताई, माझं मशीन एकटंच बरं आहे. त्याला कुणाशी बोलायचं नाही."

९ जुलै, गुरु.
सर म्हणाले, शेख तुझंच ऐकेल. मी सांगितलं तर त्याला हुकूम वाटेल.
डबा खाताना बोलले त्यांच्याशी. म्हटलं, भाई, प्लॉटरसाठी आहे हो हे, तुमचं काम कोण घेऊन जातंय. उद्या तुमची डिस्क बसली तर ती नळी कुठून आणणार. दुसरीकडे एक प्रत असलेली बरी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून."
दुपारी कार्ड बसवलं. ते तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. ऑपरेशन चालू असल्यासारखे.

१५ जुलै, बुध.
सगळं जोडलं गेलं. डोंगरेने त्याच्या टेबलावरून प्लॉट दिला आणि पेन हलायला लागलं तेव्हा सगळे उठून प्लॉटरपाशी. सरांनी गेटसमोरच्या हॉटेलातून भजी मागवली, स्वतःच्या खिशातून. सगळ्यांदेखत म्हणाले, हे माधुरीचं काम आहे. मला कुठे बघावं कळेना.
शे. भाईंनी पण भजी घेतली.

२२ ऑगस्ट, शनि.
सरांच्या केबिनमध्ये नवं मशीन आलंय. "नवी मिळणार नाहीत" होतं ना? एक मिळालं म्हणे. आता सगळी ड्रॉइंगं, जुनी-नवी, त्या मशिनवर एका ठिकाणी ठेवायची. नावं कशी द्यायची, कुठल्या फोल्डरमध्ये काय, ते मी बसवून दिलं. आठवडाभर हेच चाललंय. लोक कुरकुरतात, पण करतात. मी टेबला-टेबलावर जाऊन करून घेते.
छान दिसतंय. इतकी वर्षं जे प्रत्येकाच्या ड्रॉवरात होतं ते पहिल्यांदा एका जागी बघितलं. आपण केवढं काम केलंय हे कळतं.

११ सप्टें., शुक्र.
दुपारी नेटवर्क बंद. सर घाईत होते. त्यांच्याकडे दोन पाहुणे बसलेले, सीडीवर काहीतरी उतरवायचं चाललं होतं, ते मधेच अडकलं. शोधत शोधत गेले. वायरीच्या शेवटच्या टोकाला एक टोपी असते, ती असल्याशिवाय कुणाचंच चालत नाही. शेवटचं टोक शे. भाईंच्या मशिनपाशी. टोपी नाही.
मी टेबलाखालून वर बघितलं. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर टोपी.
म्हणाले, "लावा. तुमच्यावर भरवसा आहे. त्यांच्यावर नाही."
मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, भाई, असला पोरखेळ करू नका, सर रागावतील. लावली. चालू झालं. सरांना सांगितलं, जोड सैल होता.
कुणासाठी खोटं बोलले कळत नाही.

३० सप्टें., बुध.
खंडेनवमी. मशिनांना हळदी-कुंकू, झेंडूच्या माळा. प्लॉटरला सगळ्यात मोठी. सर पूजेला नव्हते. बाहेर काम आहे म्हणाले. पहिल्यांदाच असं झालं.

२ नोव्हें., सोम.
दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत. बोर्डावर नोटीस. डिझाइन सेक्शन बंद. काम बाहेर देणार. आम्हा सगळ्यांना व्हीआरएस. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, "स्वेच्छा" नुसती नावात. मशिनं भंगारात.
डोंगरे दोनदा वाचून आला. मग खुर्चीत बसला आणि चालू ड्रॉइंग पुढे करायला लागला. मी विचारलं, अरे काय करतोयस. म्हणाला, "हे अर्धं राह्यलंय न ताई."
सर आले, आमच्यात उभे राहिले. आपणही हतबल आहोत म्हणाले. आवाज बसला होता. मला त्यांचंच वाईट वाटलं. मुलगा इंजिनिअरिंगला, या वयात कुठे जाणार. संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, सर, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. त्यांनी मान हलवली.

३ नोव्हें., मंगळ.
डबा खायला शे. भाई माझ्या टेबलाशी आले नाहीत. मी गेले तर उठून उभे राहिले, "बोला मॅडम."
इतकी वर्षं ताई होते.

१४ नोव्हें., शनि.
घरी आल्या आल्या वही काढली.
डोंगरेच्या मशिनमधलं कार्ड गेलं होतं. सेक्शन बंद होणार असला तरी त्याचं ते अर्धं ड्रॉइंग पुरं व्हायला हवं, म्हणून काळ्यांकडे बदलून घ्यायला गेले. काळे म्हणाले, तुमच्या ऑफिसात भारीच खपतात ही कार्डं, औंधला पण कमी पडली का?
कुठलं औंध?
"साहेबांचं नवं ऑफिस. जुलैतच नेली की. म्हणाले, बाईंनी तपासलेली आहेत तीच द्या, दुसरी नकोत. आणि तुमची जुनी मशिनं पण तिकडेच येणार ना? त्यांनी विचारलं होतं, हलवल्यावर कार्डं सेटिंग विसरतात का म्हणून."
काळ्यांना वाटलं मला माहीत आहे. मीही माहीत असल्यासारखी उभी राहिले. कार्ड घेतलं. जिना उतरले. शनिवारवाड्यासमोर बस येत होत्या, जात होत्या, कुठली धरायची सुचेना.
जुलै. भजी जुलैत खाल्ली. मी त्यांना पिनांचं समजावून सांगत होते, "कधी तू नसलीस तर", तेव्हा…

१५ नोव्हें., रवि.
यांना सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, हलकट माणूस. थोड्या वेळाने म्हणाले, तुला बोलावतील बघ.
मी म्हटलं, असं कसं बोलता. ते म्हणाले, कार्डं दुसऱ्या कुणाला येतात?

१६ नोव्हें., सोम.
केबिनमध्ये गेले. दार लावलं. विचारलं.
नाकारलं नाही. मला वाटत होतं नाकारतील, निदान नजर तरी वळवतील. शांतपणे म्हणाले, बस. वर्षाच्या सुरुवातीलाच मालकांनी त्यांना सांगितलं होतं, सेक्शन बंद करणार. मग त्यांनीच सुचवलं की काम मी घेतो, बाहेरून करून देतो. मालकांना ते स्वस्त पडतं. सगळं कागदोपत्री आहे, चोरी नाही. मशिनं भंगाराच्या भावात तेच घेणार. नवी घेऊन धंदा सुरू करणं परवडलं नसतं, म्हणून जुनी जोडता येतात का ते आधी बघायचं होतं. आणि ड्रॉइंगं एका जागी नसती तर कंपनीलाही कोणाकडे काय आहे हे कळलं नसतं. शेख कुलपातून काढून देणारा नव्हता.
हे सगळं ते मला समजावून सांगत होते. पूर्वी ड्रॉइंगमधलं थर्ड अँगल प्रोजेक्शन समजावायचे तसंच.
मी म्हटलं, सर, मला सांगितलं का नाही.
"सांगितलं असतं तर तू शेखला सांगितलं असतंस. तुला खोटं जमत नाही, म्हणून तर लोक तुझं ऐकतात."
मग म्हणाले, चार माणसं घेतोय. "पहिली तू. जूनपासून माझ्या डोक्यात तूच होतीस, माधुरी." हे त्यांनी मायेने म्हटलं. ते खोटं नव्हतं, तेच सहन होत नाही. शिव्या देणाऱ्या माणसाला उलट काहीतरी बोलता येतं.
शे. भाईंचं विचारलं. हात आता संथ झालाय म्हणाले. आणि नळी आपल्याकडे आहेच.
"आपल्याकडे" म्हणाले.

१७ नोव्हें., मंगळ.
सर म्हणालेत, इतक्यात कुणाला बोलू नकोस, उगाच गोंधळ होईल. म्हणजे आता मलाही माहीत असलेल्यांत बसवलं.
दुपारी डोंगरेला बाहेर बोलावून सांगितलं. सगळं. तो ऐकत होता, मग विचारलं, "चार म्हन्ता, त्यात जागा हाय का एखादी?"
राग येणार होता. आला नाही. घरी तान्हं पोर आहे त्याच्या.
शे. भाईंनाही सांगायला गेले. ते म्हणाले, "मला अकरा सप्टेंबरलाच कळलं होतं, ते सीडी उतरवत होते तेव्हा, मॅडम. तुम्हाला आज कळलं असेल तर बरंच झालं." आणि पेन्सिलीला टोक करत बसले. पेन्सिलीचं काम आमच्याकडे राहिलेलंच नाही आता.

३१ डिसें., गुरु.
शे. भाईंचा शेवटचा दिवस. सही केली त्यांनी, लांबवली नाही. निरोपाला हार, नारळ, शाल. रोजे चालू आहेत त्यांचे, त्यामुळे पेढा कागदात बांधून घेतला. सर त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. शब्द इतके नेमके होते की एखाद्याला रडू यावं. शे. भाई समोर बघत बसले होते. भाषण करा म्हटल्यावर उठले, "सगळ्यांनी सांभाळून घेतलं," एवढंच म्हणाले. जाताना प्रत्येकाच्या टेबलाशी थांबले. माझ्या टेबलाशी पण थांबले. सगळ्यांना म्हणाले तेच मला म्हणाले. कमी नाही, जास्त नाही.

८ जाने. १९९९, शुक्र.
टेम्पो आला. मशिनं गेली. आत कार्डं तशीच. हमालांना सर स्वतः सांगत होते, आडवं ठेवू नका, आदळू नका. भिंतीवर टेबलांचे डाग राहिलेत. डोंगरे टेम्पोबरोबर गेला. त्याला घेतलंय. जाताना माझ्याकडे न बघता हात वर केला.
मी अजून व्हीआरएसवर सही केलेली नाही. एकटी बसते तिथे. पर्सोनेलवाले रोज येऊन बघून जातात.
सर म्हणाले, सोमवारी अठराला ये, तोवर मांडामांड करून घेतो. तू आल्याशिवाय ते चालू होणार नाही. हक्काने म्हणाले.

१२ जाने., मंगळ.
हे म्हणतात, राग आलाय ते ठीक, पण पुढच्या महिन्याचं काय. आपल्या नेहाची शाळा आहे, माझी शिफ्ट आहे. तू नाही गेलीस म्हणून त्या माणसाचं काय अडणार आहे, दुसरी कोणीतरी बघेल. शिव्या देत देत काम कर. सगळे तेच करतात.
बरोबर आहे त्यांचं. ते बरोबर बोलतात म्हणून आणखी चिडचिड होते.
भाजी निवडताना लक्षात आलं, सरांचा राग येतो तेवढाच शे. भाईंचाही येतो. मी काय केलं त्यांचं? मलाही फसवलंच सरांनी. मग शे. भाईंनी पण मलाच…

१७ जाने., रवि.
नाना पेठेत गेले. पत्ता विचारत. पहिला मजला, पुढे गॅलरी, खाली सायकलींची दुकानं. भाभींनी दार उघडलं, आत बोलावलं. शे. भाई चष्मा लावून पेपर वाचत होते. उठले. बसा म्हणाले. ताई नाही, मॅडम नाही, नुसतं बसा.
भाभींनी चहा आणला. एकच कप. मी नको म्हटलं, तुमचे रोजे आहेत. भाभी म्हणाल्या, आमचे आहेत, पाहुण्यांचे कुठे. दोघं समोर बसलेली आणि मी एकटी चहा पितेय. पिववत नव्हता. ठेवताही येईना.
ईद कधी, कपडे घेतले का, असं काहीतरी भाभींशी बोलले. त्या आत गेल्यावर म्हटलं, भाई, तुम्हाला वाटतं मला माहीत होतं. खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला जे मी जेवताना सांगितलं ते मला खरंच तसं वाटत होतं.
त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले,
"नसेल."
मी वाट बघितली आणखी काही म्हणतील म्हणून. त्यांनी कप उचलला, रिकामा आहे का बघितलं, आत नेऊन ठेवला. जिन्यापर्यंत सोडायला आले. पायरी तुटकी आहे, जपून, म्हणाले.
बसमध्ये डोक्यात तेच. "नव्हतं" नाही म्हणाले. "नसेल."

१८ जाने., सोम.
सरांनी दिलेला दिवस. सकाळी नेहाचा डबा केला, केस विंचरले, साडी नेसून तयार झाले. हे म्हणाले, सोडू का औंधपर्यंत, आज सुट्टी आहे. म्हटलं, नको. हडपसरच्या, आपल्या जुन्या ऑफिसच्या बसलाही गेले नाही. साडी तशीच अंगावर, दुपारपर्यंत.
फोन दोनदा वाजला. यांनी घेतला. काय सांगितलं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.
एक गोष्ट मात्र इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलायची नाही. काल शे. भाई "नव्हतं" म्हणाले असते, तर मी आज औंधला गेले असते.